दुसरी कळ

मुक्ताईनगरच्या माणसाला केळ्यापेक्षा मोठं आमिष कोणतं, असं विचारलं तर तो जरा विचारात पडेल. आमच्याकडे शिवारात केळी, बोलण्यात केळी आणि सावदा-रावेरचे भाव लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला. त्यामुळे एस. डी. एस. स्प्रॅग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९४० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचताना मी अडलो तो केळ्यापाशीच. स्प्रॅगने चिंपांझींना मॉर्फिनची सवय लावली आणि त्यांच्यापुढे दोन पेट्या ठेवल्या. एकीत केळं, दुसरीत मॉर्फिनची सिरिंज. पोटात भूक आणि अंगात मॉर्फिनची तलफ अशी दोन्ही असली की चिंपांझी सिरिंजची पेटी उघडायचा. इंजेक्शन स्वतःचं स्वतःला टोचणं त्याला जमत नव्हतं. म्हणून तो संशोधकाला हाताला धरून टोचायच्या खोलीकडे ओढत न्यायचा.

तोवर व्यसन ही माणसाचीच भानगड आहे असं मानणारे पुष्कळ होते. जनावराला सवय लागेल, त्याचं अंग कापेल, पण ‘मला हवंय’ हे त्याला कळणार नाही, असा त्यांचा समज होता. स्प्रॅगच्या चिंपांझीने त्याला धक्का दिला. पुढच्या ऐंशी वर्षांत हाच प्रश्न जनावरांना पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि प्रत्येक वेळी तो विचारण्यासाठी एक पेटी बांधली गेली. हा लेख त्या पेट्यांबद्दल आहे.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. पुण्यात एका अ‍ॅपवर काम करतो. या पेट्यांकडे वळायला तेवढं कारण पुरलं असतं, पण खरं कारण घरातलं आहे. माझा एक मामा केळीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गाडी सुटली, दारू सुटली नाही. त्याच्याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नाना म्हणतात, “मनावर घेतलं त सुटते.” मावशी नर्स आहे, ती म्हणते, “त्याच्या मेंदूतच बिघाड झालाय, त्याच्या हातात काही नाही.” लग्न असो की तेरावं, हा वाद होतोच, आणि मामा तिथेच पाट्यावर बसून मुकाट जेवत असतो. मावशीचं म्हणणं कुठून आलं ते शोधत गेलो, तर शेवटी एका उंदराच्या पेटीपाशी पोचलो.

पण त्याआधी एक माकड आहे, आणि ते आपल्या देशातलं आहे.

१८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला एक आयोग नेमला, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. त्या वेळी मुक्ताईनगर हे एदलाबाद होतं आणि जिल्हा अखंड खानदेश. इथून बऱ्हाणपूर ओलांडून पुढे गेलं की खांडवा. हा निमाडचा भाग तेव्हा सरकारी परवान्याच्या गांजा लागवडीसाठी नावाजलेला होता. म्हणजे आयोगाचा विषय आमच्या अगदी शेजारचा. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले. गांजाने माणूस वेडा होतो का, हा त्यातला मोठा प्रश्न. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की ‘वेडाचं कारण’ या रकान्यात ‘गांजा’ लिहिताना फारशी चौकशी झालेलीच नसायची. माणूस पोलिसांनी आणला, पोलिसांनी गांजा म्हटलं, कारकुनाने गांजा लिहिलं. डेटा एंट्रीचं दुखणं इतकं जुनं आहे.

म्हणून प्रयोग करायचं ठरलं. कलकत्त्यात डॉ. डी. डी. कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर दिला आणि मग त्याचा मेंदू तपासला. मेंदूत इजा सापडली नाही. १८९४च्या अहवालात हे सगळं आहे आणि त्या काळाच्या मानाने तो अहवाल फार समतोल आहे. पण त्या माकडाला धूर हवा होता की नको, हे या प्रयोगातून कळण्याची सोय नव्हती. धूर वेळेवर यायचा आणि तो घ्यावा लागायचा. पदार्थ शरीराचं काय करतो एवढंच तपासायचं होतं. जनावराने स्वतःहून तो मागावा, आणि किती मागितला ते मोजावं, यासाठी त्याच्या हाताशी काहीतरी द्यायला हवं होतं.

ते दिलं बर्‍हस फ्रेडरिक स्किनर याने. १९३०च्या सुमाराला हार्वर्डमध्ये शिकत असताना त्याने एक बंद पेटी तयार केली. आत उंदीर, भिंतीला एक कळ, कळ दाबली की खाण्याची एक गोळी बशीत. बाहेर एक कागदाचा रूळ फिरतोय आणि प्रत्येक दाबाला पेन एक पायरी वर सरकतंय. पुढे जगाने याला ‘स्किनर बॉक्स’ म्हटलं. स्किनरला स्वतःला हे नाव आवडत नसे. (त्याने आपली मुलगी अशा पेटीत वाढवली ही गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल. ती अफवा आहे. मुलीसाठी त्याने केला होता तो उबदार, काचेचा पाळणा.)

स्किनरने पुढे लिहिलेल्या आठवणींतला एक प्रसंग मला फार आवडतो, कारण तो कुठल्याही इंजिनिअरच्या बाबतीत घडू शकतो. गोळ्या तो स्वतः बनवायचा, औषधवाल्यांकडे असायच्या तशा गोळ्या पाडायच्या यंत्रावर. आठ उंदीर, प्रत्येकाला दिवसाला शंभर गोळ्या. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की सोमवारपर्यंत साठा पुरणार नाही आणि उरलेला दिवस गोळ्या वळण्यात जाणार. मग त्याने विचार केला की प्रत्येक दाबाला गोळी दिलीच पाहिजे असं कुठे आहे? मिनिटाला एकच देऊ. उंदीर दाबत राहिले, आणि तेही ठरावीक लयीत. दुसऱ्या एका वेळी गोळी टाकणारं यंत्र अडकलं. गोळी येईना, तरी उंदीर आधी जोरात आणि मग हळूहळू कमी दाबत गेला. बक्षीस बंद झाल्यावर सवय कशी विझते याचा स्किनरचा पहिला आलेख असा बिघाडातून निघाला.

१९५७ साली चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांचं जाडजूड पुस्तक आलं. बक्षीस कोणत्या वेळापत्रकाने दिलं तर जनावर कसं वागतं, याचे आलेखच आलेख. त्यातलं एक वेळापत्रक तुमच्या ओळखीचं आहे: बक्षीस सरासरी इतक्या दाबांनंतर मिळणार, पण नेमकं कितव्या दाबाला ते ठाऊक नाही. यात जनावर सर्वांत चिकाटीने दाबतं. मटका, लॉटरी आणि अंगठ्याने खाली ओढून ताजं करायचं फीड, सगळे याच घराण्यातले. आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये कोणी स्किनरचं नाव घेत नाही, ‘एंगेजमेंट’ म्हणतात. तरी ‘फोन म्हणजे स्किनर बॉक्स’ हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. का, ते लेखाच्या शेवटाकडे आपोआप कळेल.

पेटीत औषध शिरलं पन्नासच्या दशकात. मनोविकारांवरच्या गोळ्या बाजारात येत होत्या आणि त्या तपासायला कंपन्यांना मोजता येणारं वर्तन हवं होतं. १९५५ साली पीटर ड्यूज याने कबुतरांना पेंटोबार्बिटाल हे गुंगीचं औषध दिलं. एका वेळापत्रकावर चोच मारणारी कबुतरं त्या डोसने जास्त चोची मारू लागली आणि दुसऱ्या वेळापत्रकावरची कमी. औषध तेच, पक्षी तेच, डोस तोच. औषधाचा परिणाम औषधात जितका असतो तितकाच जनावर त्या वेळी कोणत्या परिस्थितीत आहे त्यातही असतो, हे १९५५ सालीच छापून आलं होतं. ते पुढे बराच काळ विसरलं गेलं असं मला वाटतं.

मग आला १९६२ चा उंदीर. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी अपजॉन नावाची औषध कंपनी होती. तिथल्या जेम्स वीक्स याने उंदराच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवली, ती पाठीवरून बाहेर काढली आणि वर फिरता सांधा लावला, म्हणजे उंदीर पेटीत हिंडला तरी नळीला पीळ पडणार नाही. नळीचं दुसरं टोक पंपाला, पंप कळीला. आधी उंदरांना आपोआप मॉर्फिन देऊन सवय लावली आणि मग कळ त्यांच्या ताब्यात दिली. उंदीर आपलं आपण मॉर्फिन घेऊ लागले. प्रत्येक वेळचा डोस कमी केला की ते जास्त वेळा दाबत. संशोधकाला हाताला धरून नेणाऱ्या चिंपांझीची जागा आता यंत्राने घेतली होती. कनिंगहॅमच्या माकडाकडे जे नव्हतं ते या उंदराकडे होतं: मागण्याची सोय.

दोन वर्षांनी थॉम्पसन आणि शुस्टर यांनी हेच माकडांवर केलं. १९६९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डेनो, यानागिता आणि सीव्हर्स यांनी दाखवलं की आधी सवय लावायचीही गरज नाही. नवखं माकडही कळ शोधतं आणि मॉर्फिन, कोकेन, दारू घ्यायला लागतं. माणसं ज्याच्या मागे लागतात त्यातलं बरंचसं माकडंही मागतात, आणि क्लोरप्रोमाझीनसारखं जे माणूस चैनीसाठी घेत नाही ते माकडही मागत नाही. यातून एक पद्धतच तयार झाली. आजही मेंदूवर काम करणारं नवं औषध बाजारात यायचं तर त्याची चटक लागेल का हे तपासताना उंदराला कळ दिली जाते. मावशी इस्पितळात जी औषधं कुलपात ठेवते, त्यांतल्या कितीतरी औषधांमागे असा कोणीतरी उंदीर आहे.

नानांच्या पक्षाला पहिला तडा इथे गेला. उंदराला संगत वाईट लागली नव्हती, त्याच्यावर संस्कार कमी पडले नव्हते. तरी तो दाबत होता. म्हणजे दोष त्याच्या मनोधैर्यात नसून मेंदूच्या यंत्रणेत आहे. व्यसनी माणसाला पापी म्हणण्याऐवजी आजारी म्हणणं यातून सोपं झालं, आणि हा मोठाच उपकार होता.

मेंदूतली जागाही सापडली होती. १९५४ साली माँट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत तार बसवली आणि कळ दाबली की तिथे विजेचा हलका झटका, अशी जोडणी केली. तार ठरवल्याच्या थोडी बाजूला गेली होती, म्हणूनच तो शोध लागला. उंदीर तासाला हजारांच्या घरात दाबू लागले. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये टी. देसिराजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रकारचे प्रयोग केले आणि नव्वदच्या दशकात दाखवलं की असं स्वतःला उत्तेजन देणाऱ्या उंदरांच्या मेंदूपेशींच्या फांद्या वाढतात.

आणि ही पेटी आपल्या महाराष्ट्रातही आहे. आमच्या गावावरून जो हायवे जातो, जुना सहा नंबर, त्यावर पूर्वेला मलकापूर, अकोला, अमरावती करत गेलं की नागपूर. तिथल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार आणि त्यांचे विद्यार्थी यांनी गेल्या दीडएक दशकात मेंदूतल्या बक्षिसाच्या यंत्रणेवर सातत्याने काम केलं. उंदीर कळ दाबतो आणि मेंदूच्या मागच्या व्हेंट्रल टेगमेंटल भागात दारूचा अतिसूक्ष्म थेंब जातो. त्या वेळी न्यूरोपेप्टाइड वाय हे मेंदूतलं रसायन काय करत असतं, हा त्यांच्या एका शोधनिबंधाचा विषय. मला त्याहून जवळचा वाटला तो २०१४ चा निबंध. उंदराच्या मेंदूत बसवायचा इलेक्ट्रोड सोप्या आणि स्वस्त रीतीने कसा करावा, एवढंच त्यात आहे. प्रयोगशाळेचं विज्ञान आपल्याकडे कसं चालतं हे पाहायचं तर असा निबंध वाचावा. आणि ज्या संताने गावोगाव खंजिरी वाजवून दारू सोडा म्हणून सांगितलं, त्याच्याच नावाच्या विद्यापीठात उंदीर दारूसाठी कळ दाबत होता, ही गंमत लक्षात आल्यावर मी एकटाच हसलो. महाराजांना ते काम पटलं असतं, असं मला वाटतं.

आता पेटीच्या आतल्या प्रोग्रॅमबद्दल थोडं, कारण माझी शंका तिथून सुरू झाली. सुरुवातीला या पेट्या रिलेच्या रॅकवर चालायच्या, तारांची जाळी आणि सतत टकटक. पुढे छोटे संगणक आले आणि आर्थर स्नॅपर याच्या ‘स्केड’ प्रणालीत प्रयोग अवस्थांच्या भाषेत लिहिता येऊ लागला. अवस्था एक: थांब. कळ दाबली तर दिवा लाव, पंप चालव, अवस्था दोनमध्ये जा. अवस्था दोन: वीस सेकंद काही देऊ नकोस, मग परत एकमध्ये ये. मेड असोसिएट्स कंपनीच्या ज्या पेट्या आज जगभर वापरात आहेत, त्यांची भाषाही याच वळणाची. आम्ही कॉलेजात ‘स्टेट मशीन’ म्हणून शिकलो तीच ही, आणि वाचायला फार सुबक.

पण ज्याने असे प्रोग्रॅम लिहिलेत त्याला ठाऊक असतं की ज्या घटनेला प्रोग्रॅममध्ये नाव नाही ती घडतच नाही. उंदीर कोपऱ्यात अंग चाटत बसला, भिंत कुरतडली, वर तोंड करून हुंगत राहिला, याची ओळ लॉगमध्ये पडत नाही. पडतो फक्त दाब. बहुतेक पेट्यांत कळी दोन असतात. एक चालू आणि दुसरी मुकी. मुकी दाबली तर काही होत नाही. उंदीर उगाच काहीतरी दाबत सुटलेला नाही ना, हे तपासायला ती असते. म्हणजे त्या उंदराच्या जगात करण्यासारख्या दोनच गोष्टी: एकीने औषध मिळतं आणि दुसरीने काहीच मिळत नाही.

१९८५ साली बोझार्थ आणि वाइज यांनी उंदरांना दिवसरात्र मोकळी कळ दिली. कोकेनवाल्यांपैकी ९० टक्के महिन्याभरात मेले, हेरॉइनवाल्यांपैकी ३६ टक्के. अमेरिकेत टीव्हीवर याची जाहिरात झाली: दहातले नऊ उंदीर मरेपर्यंत घेतच राहतात. पदार्थ हाच खलनायक, हे तेव्हा पक्कं झालं. मी हा प्रयोग आमच्या आजीला सांगून पाहिला. मेंदू, डोपामिन वगैरे वगळून फक्त उंदीर, पेटी आणि कळ. तिने भाकरी उलटता उलटता विचारलं, “एकलाच कोंडला होता का? मग तो दुसरं करीन तरी काय?”

हाच प्रश्न कॅनडात ब्रूस अलेक्झांडरने सत्तरच्या दशकात विचारला होता. सायमन फ्रेझर विद्यापीठात त्याने आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या पिंजऱ्याच्या दोनशेपट मोठी जागा केली, लाकडाचा भुसा, डबे, भिंतींवर रंगवलेलं रान, आणि त्यात नर-माद्या मिळून पंधरा-वीस उंदीर. नाव ‘रॅट पार्क’. एकेकटे पिंजऱ्यात ठेवलेले उंदीर मॉर्फिनचं गोड पाणी भरपूर प्यायचे. पार्कातले पुष्कळ कमी. १९७८ ला हे छापून आलं ते दोन बड्या नियतकालिकांनी नाकारल्यावर. याबद्दल यूट्यूबवर जे सांगतात ते मात्र जरा जपून ऐका. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत निकाल दर वेळी तसाच आला नाही. शिवाय तिथे औषध पाण्यातून होतं, थेट शिरेतून नाही. रॅट पार्कने व्यसनाचं कोडं सोडवलं, असं मी म्हणणार नाही. त्याने पेटीकडे बोट दाखवलं, इतकंच.

माणसांचा पुरावा त्याच सुमाराला आला होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकन शिपायांतला जवळपास पाचवा हिस्सा अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. ते मायदेशी परतले आणि ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा माग ठेवला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. युद्ध, जंगल, कंटाळा, भीती आणि सहज मिळणारं हेरॉइन, हे सगळं मागे राहिलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला वारी आठवली. संत मुक्ताबाईंची पालखी आमच्याकडून पंढरपूरला निघते. आषाढीच्या वाटेवरच्या सर्वांत लांबच्या पालख्यांपैकी ती एक, महिनाभराहून जास्त चालते. मामा सात-आठ वेळा गेलाय. त्या महिन्यात तो पीत नाही. त्याला कोणी बांधून ठेवत नाही, वाटेत गावोगाव दुकानं आहेत, खिशात पैसे असतात. पहाटे उठायचं, आपल्या दिंडीत चालायचं, कोणाची पिशवी घ्यायची, रात्री कोणाच्या तरी पायाला तेल चोळायचं. नाना म्हणतात, बघा, मनावर घेतलं की सुटते. मावशी म्हणते, मग घरी आल्यावर आठवड्यात परत का लागते? दोघांचंही म्हणणं खरं आहे. एका माणसाच्या वारीवरून विज्ञान ठरत नाही हे मला कळतं. तरी चाळीस दिवसांचा कोरडा माणूस फाट्यावर, त्याच टपरीसमोर, त्याच संध्याकाळी पुन्हा का ढेपाळतो, याचं उत्तर पेटीनेच दिलंय. १९८१ साली हॅरिएट डी विट आणि जेन स्टुअर्ट यांनी दाखवलं की सवय विझल्यासारखी दिसणारा उंदीर कोकेनच्या एका टोचणीने पुन्हा कळीवर जातो. २००१ मध्ये जेफ ग्रिम, यवीन शाहम आणि सहकाऱ्यांना त्याहून विचित्र गोष्ट सापडली. कोकेन बंद केल्यावर, त्याची आठवण देणाऱ्या खुणेपुढे उंदराची ओढ दिवसागणिक कमी होत नाही. दोन महिन्यांपर्यंत ती वाढतच होती. मामा उपचार केंद्रातून बाहेर आला की सगळे म्हणायचे, आता धोक्याचे दिवस गेले. उंदीर सांगतो की ते तेव्हाच सुरू होतात.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने. गर्दच्या लाटेने मुंबई-पुण्याची मुलं खाल्ली तो हा काळ. तिथे औषधोपचार तर होतेच, पण बरे झालेले मित्रच नव्याने आलेल्यांना सांभाळतात, बाहेर पडल्यावर भेटीगाठी चालू राहतात, घरच्यांनाही बोलावतात. डॉक्टरांनी आणि एका पत्रकाराने उभं केलेलं ते काम रॅट पार्कचे आलेख पाहून आखलेलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला गडचिरोली: डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह लोकांनी लढून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली. एकीकडे माणसाभोवतीचं जग बदलायचं, दुसरीकडे कळच काढून घ्यायची. नाना आणि मावशी यांच्या भांडणात हे दोन्ही उपाय कधी निघत नाहीत, कारण दोघं फक्त मामाकडे बघून भांडतात.

पेटीवाल्यांनी मात्र शेवटी स्वतःच्या पेटीकडे पाहिलं, हे मला या इतिहासात सर्वांत आवडतं. २००७ साली फ्रान्समध्ये बोर्दोला सर्ज अहमद याच्या गटाने मुकी कळ बोलती केली. एक दाबली तर शिरेत कोकेन, दुसरी दाबली तर सॅकरिनचं गोड पाणी. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. पोषणाचा एक कणही नसलेलं गोड पाणी! दहातले नऊ मरेपर्यंत कोकेन घेतात असं ज्या प्राण्याबद्दल सांगितलं जात होतं, तोच हा प्राणी. त्याला आजवर दुसरं काही विचारलंच नव्हतं.

मग २०१८. बॉल्टिमोरला मार्को व्हेनिरो आणि यवीन शाहम यांनी दुसरी कळ एका दाराला जोडली. दाबली की दार सरकतं आणि पलीकडे दुसरा उंदीर असतो. एक मिनिट दोघं एकमेकांना हुंगतात, अंगावर चढतात, मग दार बंद. (मुक्ताईच्या गावच्या माणसाला बंद दाराची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.) पहिल्या कळीला मेथाम्फेटामिन किंवा हेरॉइन. उंदीर दिवसेंदिवस औषध घेऊन चांगले मुरलेले होते. निवड दिल्यावर ते जवळजवळ प्रत्येक वेळी दाराच्या कळीकडे गेले. ज्यांनी असा सोबतीमुळे मेथ सोडला, त्यांच्यात तलफ वाढत जाण्याचा तो विचित्र प्रकारही दिसला नाही. ‘फोन म्हणजे स्किनर बॉक्स’ मला अर्धंच पटतं ते यामुळे. फोनमध्ये अशी दारंही आहेत. आमच्यासारखे लोक ती कुठे ठेवतात आणि उघडायला किती वेळ लावतात, हा खरा प्रश्न.

त्याच निबंधात एक तक्ता आहे ज्याच्याबद्दल कोणी व्हिडिओ करत नाही. दाराची कळ दाबल्यावर दार लगेच न उघडता उशिरा उघडू लागलं, तेव्हा काय झालं? उशीर जसजसा वाढवला, तसतसे उंदीर औषधाच्या कळीकडे परतले. सोबतीच्या कळीला पायाखाली झटका जोडला, तेव्हाही परतले.

या वर्षी मामा वारीहून आला तेव्हा मी घरी होतो. जेवताना नानांनी विचारलं, “किती दिवस टिकीन?” आणि सगळे हसले. मामाही हसला. मी मोबाइलवर तोच तक्ता उघडून बसलो होतो; आडव्या अक्षावर उशीर, उभ्यावर निवड, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ.